आम्ही, आपण आणि एक पांढरे शहर

मराठीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सर्वनामे शिकवताना आम्ही दरवर्षी एक साधे उदाहरण देतो. 'आम्ही गावाला जाऊ' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण गावाला जाऊ' म्हटले की तो सामावला जातो. संस्कृतात हा भेद नाही. मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासातून आला असावा, असे भाषाभ्यासक मानतात. विद्यार्थी हे वाक्य उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. आम्हीही पुढे जात होतो. ह्या भेदापाशी थांबण्याची पाळी आमच्यावर आली ती पेरू देशातील आरेकिपा ह्या शहरात, घरापासून हजारो मैलांवर.

लिमा येथील एका परिषदेनंतर हाती पाच दिवस उरले होते. आम्ही चौघे सहकारी दक्षिणेकडे आरेकिपाला गेलो आणि तेथे एक मार्गदर्शिका ठरवली. तिशी ओलांडलेली ही बाई शहरात इंग्रजी आणि स्पॅनिशमधून बोले. घरची भाषा मात्र केचुआ. तिचे माहेर शहरापलीकडच्या कोल्का खोऱ्यात होते. तिच्या बोलण्यात पहिल्याच दिवशी आम्हांला एक गोष्ट जाणवली. 'आम्ही हे शहर १५४० मध्ये वसवले', 'आम्ही हे चर्च बांधले', 'आमच्यावर भूकंप आला', असे ती सहजपणे म्हणत असे. शहर वसवणारे, चर्च बांधणारे आणि भूकंपात सापडलेले हे सगळे त्या एका 'आम्ही'त आरामात नांदत होते.

आरेकिपा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. शहराच्या डोक्यावर तीन पर्वत उभे आहेत : मधोमध ५,८२२ मीटरचा, जवळजवळ निर्दोष शंकूसारखा मिस्ती ज्वालामुखी, एका बाजूला चाचानी आणि दुसऱ्या बाजूला पिचू पिचू. शहराच्या नावाची एक गोड कथा प्रत्येक प्रवाशाला ऐकवली जाते. मायता कापाक हा इंका राजा सैन्यासह येथून जात असता काही सैनिकांनी येथेच राहण्याची परवानगी मागितली. राजा म्हणाला, 'आरी, केपाय', म्हणजे 'बरे, राहा'. दुसरी व्युत्पत्ती आयमारा भाषेतून दिली जाते, 'शिखरामागची जागा' अशी. पहिलीत राजा बोलतो, दुसरीत नुसता भूगोल आहे. सहलीत पहिलीच का टिकते, हे कथात्म साहित्य शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

स्पॅनिश शहराची स्थापना फ्रान्सिस्को पिसारोच्या आदेशावरून गार्सी मान्वेल दे कार्बाहाल ह्याने केली, ती १५ ऑगस्ट १५४० रोजी. आम्ही पोहोचलो तेव्हा वर्धापनदिनाच्या पताका अजून रस्त्यांवर फडफडत होत्या. आमच्यासाठी १५ ऑगस्ट ही परकी सत्ता गेल्याची तारीख. ह्या शहरासाठी ती परकी सत्ता येऊन बसल्याची आणि तरीही उत्सवाची. मार्गदर्शिकेला आम्ही हे सांगितले तेव्हा ती हसली. 'आमचा स्वातंत्र्यदिन २८ जुलै, १८२१ चा,' ती म्हणाली, 'पण सुट्टी दोन्ही दिवशी असते.'

*

आरेकिपाला 'पांढरे शहर' म्हणतात. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे तेथील दगड. लाखो वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून निघालेली तप्त राख आणि वायू ह्यांचे लोट दऱ्यांत साचून थिजले. त्यांतून हा हलका, सच्छिद्र, पांढरा आणि क्वचित गुलाबी दगड तयार झाला. त्याला 'सिय्यार' म्हणतात. मूळ स्पॅनिशमध्ये ह्या शब्दाचा अर्थ घडीव चिरा एवढाच. येथे वस्तूच्या घडणीचे नावच त्या पदार्थाला मिळाले. आमच्या दख्खनचे काळे कातळही ज्वालामुखीचेच, सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. पण अजिंठ्याच्या कारागिराला ज्या कातळाशी झगडावे लागले, त्याच्या तुलनेत सिय्यार छिन्नीला फारच लवकर वश होतो. शहराबाहेरच्या आन्याश्वायको येथील खाणीत आजही पाथरवट हाताने चिरे काढतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा पाथरवट डोळ्यांना साधा काळा चष्मा लावून काम करत होता. भर उन्हात त्या पांढऱ्या भिंतींकडे नुसते पाहणेही आम्हांला जड जात होते.

'पांढरे शहर' ह्या नावाचे दुसरेही एक स्पष्टीकरण आहे आणि ते सहसा हळू आवाजात दिले जाते. वसाहतकाळात पेरूच्या इतर डोंगरी शहरांच्या मानाने येथे गोऱ्या स्पॅनिश वस्तीचे प्रमाण मोठे होते; नाव त्या कातडीवरून पडले असावे. कोणते स्पष्टीकरण खरे, ह्याचा निवाडा येथे करायचा नाही. दगडाचा पांढरेपणा आणि माणसांचा पांढरेपणा एकाच विशेषणाखाली राहू शकतात आणि सहल पहिल्यावर बोट ठेवून दुसऱ्याला वळसा घालू शकते, एवढे नोंदवले म्हणजे पुरे.

ह्या शहराचा इतिहास म्हणजे पडणे आणि पुन्हा उभे राहणे. १५८२, १६८७, १७८४, १८६८ ही भूकंपांची वर्षे मार्गदर्शिकेने पाढ्यासारखी म्हणून दाखवली. २३ जून २००१ च्या भूकंपात कॅथीड्रलचा एक मनोरा कोसळला, तो दिवस तिला स्वतःला आठवत होता. जाड भिंती, बुटकी दारे, दगडी कमानींची छते ही येथील वास्तुशैली सौंदर्यदृष्टीइतकीच भीतीतूनही घडली आहे. २००० मध्ये युनेस्कोने शहराच्या जुन्या भागाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पण सर्वांत मोठी आपत्ती आली ती फेब्रुवारी १६०० मध्ये. मिस्ती शांत होता. शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या वायनापुतिना ह्या फारशा कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. दक्षिण अमेरिकेच्या लिखित इतिहासातला हा सर्वांत मोठा उद्रेक. आरेकिपावर कित्येक दिवस राख कोसळत राहिली, दिवसा काळोख झाला, द्राक्षमळे गाडले गेले, जवळची खेडी नाहीशी झाली. वातावरणात उंच गेलेल्या गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला; १६०१ चा उन्हाळा उत्तर गोलार्धात कमालीचा थंड गेला. रशियात १६०१ ते १६०३ ह्या काळात पडलेल्या भीषण दुष्काळाचा संबंध अभ्यासक ह्या उद्रेकाशी जोडतात.

ह्या उद्रेकाभोवती एक कथा त्या काळच्या जेझुइट लेखनात नोंदली गेली आहे. वायनापुतिनाने मिस्तीला निरोप धाडला : चल, आपण दोघे मिळून ह्या स्पॅनिशांचा नायनाट करू. मिस्तीने उत्तर दिले की मला ते जमणार नाही. मी आता ख्रिस्ती झालो आहे, माझे नाव सान फ्रान्सिस्को आहे. मग वायनापुतिना एकटाच पेटला.

ही कथा आमच्या मनातून जाईना. पराभूत समाज आपल्या पराभवाचा अर्थ लावताना काय काय करतो, त्याचा हा विलक्षण नमुना आहे. येथे पर्वताचाच बाप्तिस्मा झाला आहे. नाव बदलले आणि नावाबरोबर निष्ठाही बदलली. कथा सांगणाऱ्याची सहानुभूती कोणाकडे आहे, हे मात्र सांगता येत नाही : ती फितूर झालेल्या पर्वताची निंदा आहे, की सावधपणे जगणाऱ्याची कैफियत? शिवाय ती आपल्यापर्यंत आली आहे ती धर्मांतर घडवणाऱ्यांच्या लेखणीतून. वायनापुतिनाच्या निरोपातले ते 'आपण' मूळ सांगणाऱ्याच्या तोंडी कसे होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

स्थानिक माणसाच्या हातची एक साक्ष मात्र उरली आहे. वामान पोमा दे आयाला ह्या अँडीज पर्वतातील लेखकाने स्पेनचा राजा तिसरा फिलिप ह्याला उद्देशून सुमारे बाराशे पानांचे एक हस्तलिखित १६१५ च्या सुमारास पूर्ण केले. त्यात जवळजवळ चारशे चित्रे आहेत आणि त्यांतल्या एकात राखेच्या वर्षावाखालचे आरेकिपा आहे. स्पॅनिश भाषेत, मधूनमधून केचुआत, एक माणूस आपल्या लोकांवरच्या अन्यायाची फिर्याद थेट राजाकडे करतो आहे. राजाने ती वाचल्याचा कोणताही पुरावा नाही. हस्तलिखित पुढे कोपनहेगनच्या राजग्रंथालयात जाऊन पडले आणि १९०८ मध्ये एका जर्मन अभ्यासकाच्या नजरेस आले. तीनशे वर्षे ह्या 'आम्ही'ला वाचकच नव्हता.

*

शहराच्या मध्यभागी उंच भिंतींआड सान्ता कातालिनाचा मठ आहे. १५७९ मध्ये स्थापन झालेला, सुमारे वीस हजार चौरस मीटरवर पसरलेला हा मठ म्हणजे शहरातले शहर. बाहेर सगळे पांढरे. आत मात्र तांबड्या आणि गडद निळ्या भिंती. गल्ल्यांना सेव्हिया, तोलेदो, कोर्दोबा, ग्रानादा अशी स्पेनमधल्या शहरांची नावे. श्रीमंत घराण्यांतल्या मुली मोठा हुंडा घेऊन येथे येत आणि स्वतंत्र घरांत राहत. मार्गदर्शिकेने आम्हांला स्वयंपाकघरे दाखवली, काजळी धरलेली धुराडी दाखवली, धुण्याच्या जागी ओळीने मांडलेले अर्धे रांजण दाखवले. 'येथे दासी राहत,' असे ती एका खोलीपाशी म्हणाली आणि आम्ही पुढच्या चौकात गेलो. त्या दासींत गुलाम स्त्रियाही होत्या. १८७१ मध्ये मठात शिस्तीच्या सुधारणा झाल्या आणि ही व्यवस्था मोडली. १५ ऑगस्ट १९७० रोजी, म्हणजे पुन्हा त्याच तारखेला, मठाचा बराचसा भाग लोकांसाठी खुला झाला.

ह्या मठात १८३४ मध्ये एक फ्रेंच पाहुणी काही दिवस राहून गेली. फ्लोरा त्रिस्तां. १८०३ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या फ्लोराचे वडील आरेकिपाच्या एका बड्या घराण्यातले होते. पण आईवडिलांचा विवाह कायद्याने मान्य नव्हता. वडील अकाली वारले, दारिद्र्य आले, नवऱ्याने छळले. फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटच बंद होता. ती मुलांसह पळाली आणि १८३३ मध्ये वारसाहक्क मागण्यासाठी आरेकिपात काकांच्या दारी आली. काका पिओ त्रिस्तान हे स्पॅनिश राजाच्या बाजूने लढलेले सेनापती आणि गर्भश्रीमंत गृहस्थ. त्यांनी पुतणीचे आगतस्वागत केले, थोडा तनखा मान्य केला आणि वारसा नाकारला. ह्या प्रवासावरचे तिचे पुस्तक १८३८ मध्ये आले : 'एका पारियाची भ्रमंती'. काकांनी तनखा बंद केला. पुढे कामगार आणि स्त्रिया ह्यांच्या मुक्तीसाठी तिने केलेले लेखन प्रसिद्धच आहे. चित्रकार पॉल गोगँ हा तिचा नातू. आरेकिपात जन्मलेले कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा (१९३६-२०२५) ह्यांनी २००३ मध्ये आजी आणि नातू ह्या दोघांवर मिळून एक कादंबरी लिहिली.

पुस्तकाच्या नावातला 'पारिया' हा शब्द आम्हांला थांबवून गेला. तो आपल्याकडचा आहे. तमिळ प्रदेशातील परैयर ह्या जातीचे नाव, 'परै' म्हणजे ढोल ह्या शब्दाशी जोडलेले, युरोपीय प्रवाशांच्या लेखनातून पश्चिमेकडे गेले आणि त्याचा अर्थ 'समाजबाह्य' असा झाला. १८२१ मध्ये कासिमीर देलाविन्य ह्याने त्या नावाचे नाटक लिहिले. ढोल गेला, माणसे गेली, उरली ती एक उपमा. ती अंगावर घेऊन एक फ्रेंच स्त्री ज्वालामुखीच्या पायथ्याशी आली.

फ्लोराचे दुःख खोटे नव्हते. पुस्तक निघाले त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने तिच्यावर भर रस्त्यात गोळी झाडली. तिची नजरही थिटी नव्हती : सैन्याबरोबर भांडीकुंडी आणि पोरे पाठीवर घेऊन चालणाऱ्या 'राबोना' ह्या आदिवासी स्त्रियांविषयी तिने आदराने लिहिले आहे. गुलामगिरीविरुद्ध ती संतापाने लिहिते. आणि तीच फ्लोरा प्रवासात भेटलेल्या काळ्या माणसांच्या अंगाच्या वासाविषयी किळसेने लिहून जाते. ती राहिली त्या घरी आणि त्या मठात सेवा करणाऱ्यांना स्वतःसाठी एखादा उसना शब्द निवडण्याची मुभा नव्हती. पेरूत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५४ मध्ये, फ्लोराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

दलित साहित्य शिकवताना स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचे मोल आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. 'पारिया'चा प्रवास त्याच्या उलट दिशेचा आहे : एका समूहाचे नाव त्या समूहाला न विचारता जगभर रूपक म्हणून वापरले गेले. फ्लोराने ते वेदनेने वापरले, हे खरे. त्या रूपकाने तिला बळ दिले, हेही खरे. पण 'आम्ही पारिया' असे म्हणताना त्या 'आम्ही'त परैयर कोठे आहेत, हा प्रश्न मठातल्या त्या काजळलेल्या स्वयंपाकघरात आमच्यापैकी एकाने विचारला आणि त्यावर कोणीच बोलले नाही.

तोल राखण्यासाठी आणखी एका नावाचा उल्लेख करायला हवा. आरेकिपाचा कवी मारियानो मेल्गार (१७९०-१८१५) ह्याने केचुआतील 'हारावी' ह्या विरहगीताच्या वळणावर स्पॅनिशमध्ये 'याराबी' लिहिल्या. पंडिती परंपरेत वाढलेल्या कवीने लोकगीताचा घाट उचलावा, हे आपल्याला अपरिचित नाही. मेल्गार तेथेच थांबला नाही. पुमाकाव्हा ह्या आदिवासी नेत्याच्या उठावात तो सामील झाला आणि उमाचिरीच्या लढाईनंतर वयाच्या चोविसाव्या वर्षी गोळ्या घालून मारला गेला. ह्याच पुमाकाव्हाने १७८०-८१ मध्ये तुपाक आमारूचा उठाव चिरडायला स्पॅनिशांना साहाय्य केले होते, हा इतिहासाचा आणखी एक पदर. तरीही गोऱ्या-काळ्यांनी मिळून 'आपण' म्हणण्याचा एक प्रयत्न ह्या शहरात झाला होता आणि तो आधी कवितेत झाला होता, असे म्हणता येईल.

*

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही कोल्का खोऱ्याकडे निघालो. मिस्ती आणि चाचानी ह्यांना वळसा घालून रस्ता उजाड पठारावर चढतो. विकुन्यांचे कळप, पिवळे खुरटे गवत, थंडीने गोठलेली डबकी. पातापाम्पा ही खिंड सुमारे ४,९०० मीटर उंचीवर आहे. तेथे उतरल्यावर चार पावले टाकतानाही धाप लागते. समोर आम्पातो, साबानकाया आणि वाल्का वाल्का हे तीन पर्वत; मधल्या साबानकायाच्या मुखातून राखाडी धुराचा लोट वर चढत होता. २०१६ पासून त्याचे हे धुमसणे चालू आहे, असे मार्गदर्शिकेने सांगितले. खिंडीत वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या असंख्य उतरंडी होत्या. तिने एक दगड उचलला, दुसऱ्यावर ठेवला आणि ती पुटपुटली. आम्ही अर्थ विचारला नाही.

ह्या खोऱ्यात पूर्वी कोयाग्वा आणि काबाना हे दोन समाज राहत. १५८६ मध्ये हुआन दे उय्योआ मोगोय्योन ह्या स्पॅनिश अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की कोयाग्वा स्वतःला एका ज्वालामुखीची संतती मानत आणि लहानपणीच डोकी बांधून त्यांना त्या पर्वतासारखा उंच, निमुळता आकार देत. काबाना डोकी चपटी करत. पर्वताशी असलेले नाते त्यांनी कवटीवर लिहिले होते. विसरॉय तोलेदोने ह्या प्रथेवर बंदी घातली आणि १५७० च्या दशकात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चौकोनी आखणीच्या, चर्चभोवतीच्या गावांत आणून बसवले. आज आपण पाहतो ती यान्के, माका ही गावे त्यांतलीच. डोक्यांचा भेद गेला. बायकांच्या टोप्यांत तो उरला आहे, असे सांगतात. कोयाग्वांची पांढरी गवती टोपी, काबानांची भरतकामाची.

गाडीत आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी मार्गदर्शिकेला केचुआतल्या सर्वनामांविषयी विचारले. तिने बोटांवर मोजत सांगितले : 'आम्ही'साठी दोन शब्द आहेत. 'नोकान्चिस' म्हणजे मी आणि तुम्हीसुद्धा. 'नोकायकू' म्हणजे आम्ही, पण तुम्ही नाही. प्रवाशांना हे पटकन कळत नाही, असे ती म्हणाली. आमच्या भाषेतही असेच आहे म्हटल्यावर ती चकित झाली. मग तिने आम्हांला 'आपण' म्हणायला शिकवा म्हणून आग्रह धरला आणि उरलेल्या वाटेवर दर वळणाला 'आपण, आपण' म्हणत राहिली. केचुआला पेरूत १९७५ मध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठात केचुआत लिहिलेल्या पहिल्या पीएच.डी. प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली ती २०१९ मध्ये. त्या प्रबंधाचा विषयही केचुआ कविताच होता.

शहरात परतल्यावर शेवटच्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. १९९५ मध्ये साबानकायाच्या राखेने शेजारच्या आम्पातोच्या ६,२८८ मीटर उंच शिखरावरचे बर्फ वितळले आणि पाचशेहून अधिक वर्षे गोठून राहिलेला एका मुलीचा देह उघडा पडला. वय बारा ते पंधरा. इंकांच्या काळात पर्वताला अर्पण केलेली. योहान राइनहार्ट आणि मिगेल साराते ह्यांना ती सापडली आणि राइनहार्टच्या नावावरून तिला 'हुआनिता' म्हणू लागले. तिचे स्वतःचे नाव कोणालाच ठाऊक नाही. काळोख्या खोलीत, काचेआड, शून्याखालच्या थंडीत ती गुडघे जवळ घेऊन बसली आहे. डोक्यावर आघात झाल्याचे तपासणीत दिसून आले.

मार्गदर्शिका पाठ केलेले वाक्य म्हणाली, 'ही आमची मुलगी.' इंग्रजीत म्हणाली, त्यामुळे भेद कळेना. बाईंनी हळूच विचारले, 'नोकान्चिस की नोकायकू?' ती बराच वेळ काचेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, 'तिला ज्यांनी डोंगरावर नेले तेही आमचेच होते. मला नाही सांगता येत.' चार दिवसांत ती प्रथमच असे म्हणाली होती.

परतीच्या विमानात आम्हांला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. सातपुड्याकडून आलेला, घरी पावरी बोलणारा एक विद्यार्थी. संतसाहित्यावरच्या उत्तरात त्याने लिहिले होते, 'तुमच्या मराठीत संतांची मोठी परंपरा आहे.' आम्ही 'तुमच्या' हा शब्द खोडून लाल शाईने 'आपल्या' असा लिहिला होता आणि अर्धा गुण कापला होता. दुरुस्ती प्रेमानेच केली होती. त्याला विचारून केली नव्हती.